दाराकडे तोंड केलेल्या चपला

सुरतेत गोडादऱ्यातल्या त्या घरी मी खोली बघायला गेलो, तेव्हा चहा पिऊन बाहेर येतो तर माझ्या चपला कोणीतरी फिरवून ठेवलेल्या. आत शिरताना त्यांची तोंडं घराकडे होती, आता रस्त्याकडे. आणि दोन्ही अशा जुळवून ठेवलेल्या, की प्रार्थनेच्या वेळी माझ्या वर्गातली पोरं कधी तशी उभी राहिली नाहीत. मी मनात म्हटलं, झालं, खोली काही मिळत नाही. एवढा स्पष्ट नकार मला तोवर कोणी दिला नव्हता. मुकाट्याने चपला अडकवून गल्लीच्या तोंडापर्यंत पोचलो, तेवढ्यात मागून हाक आली, "ओ सर! सामान कधी आनतस?"

हाक मारणारा माणूस पासष्टीचा, उंच, काटकुळा, अंगात बिनबाह्यांची बंडी घातलेला. उजव्या हाताच्या आतल्या अंगाला, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, हिरवं गोंदण: कौतिक. आमच्याकडे बाया नवऱ्याचं नाव गोंदून घेतात, पुरुष फार तर मारुती नाहीतर स्वतःचं नाव. बायकोचं नाव हातावर घेऊन फिरणारा पुरुष मी तरी दुसरा पाहिला नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी जत्रेत गोंदून घेतलं आणि गावाने महिनाभर टिंगल केली, असं ते स्वतःच हसत सांगत. गल्ली त्यांना जपानवाले आबा म्हणायची. मी आबा म्हणू लागलो.

मी नंदुरबारकडचा. पालिकेच्या मराठी शाळेत नेमणूक झाली म्हणून सुरतेला आलो. बायकोची नोकरी तिकडे, मुलगी तिच्याजवळ. शाळेत दरवर्षी पोरं कमी होत होती. खानदेशी आईबापांनासुद्धा पोरांना गुजराती नाहीतर इंग्रजी शाळेतच घालायचं होतं. संध्याकाळी खोलीवर आलो की बोलायला भिंत. खाली आबा एकटे, वर मी एकटा. मूलबाळ त्यांना नव्हतं आणि कौतिकबाई जाऊन तेव्हा पाचेक वर्षं झाली होती. आता तर आबाही नाहीत. नव्या मालकाने घराला निळा रंग काढला आहे, आणि गच्चीवरच्या हौदात माती भरून मेथी लावली आहे.

त्या हौदाचं सांगायला हवं, पण आधी जपान.

आबा आयुष्यभर संच्याच्या खात्यात फिटर होते. संचा म्हणजे माग आणि खातं म्हणजे मागांची शेड. वीसेक वर्षं त्यांनी साधे माग दुरुस्त केले, मग शेठने वॉटरजेट आणले. या मागावर आडवा धागा धोट्याने जात नाही, पाण्याच्या बारीक धारेबरोबर फेकला जातो. त्यामुळे खात्यात जमीन सदा ओली, फिटरचे पाय सदा ओले, हाताच्या बोटांना कायमच्या सुरकुत्या. "उभा जलम थंडा पानीमा गया," असं आबा म्हणत. मशिनं आली तेव्हा ती शिकायला शेठने दोन माणसं जपानला पाठवली: एक स्वतःचा पुतण्या, कारण त्याला इंग्रजी येत होतं, आणि दुसरे आबा, कारण त्यांना मशिन कळत होतं. तीन आठवडे शिकून झालं आणि शेवटचे दोन दिवस तिकडच्या लोकांनी त्यांना डोंगरातल्या एका जुन्या लाकडी घरी पाहुणचाराला नेलं. जमिनीतून गरम पाणी निघतं अशा गावातलं ते घर. एक म्हातारी ते चालवायची.

तीन आठवड्यांतलं मशिन आबा कधीच सांगत नसत. ते दोन दिवस मात्र त्यांनी उरलेलं सगळं आयुष्य पुरवून पुरवून वापरले. रस्त्याकडेच्या गटारातून वाफ निघते. सगळ्या गावाला फटाक्याच्या दारूचा वास. खाली चटई इतकी घट्ट विणलेली की त्यांनी बोट घालून पाहिलं, गेलं नाही. जेवायला बावीस वाट्या आणि त्यातल्या ओळखीच्या दोनच, एक भात आणि एक मुळा. बाकीचं जेवण त्यांनी घरून नेलेल्या लाल चटणीवर भागवलं, आणि म्हातारीने मागून चाखली तर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने वाटी काही खाली ठेवली नाही. पोचल्या पोचल्या तिने पाहुण्यांची वही पुढे केली होती, स्वतःच्या कमरेला खोचलेला पेन काढून दिला, आणि आबांनी त्यात मराठीत नाव लिहिलं. "तठे त्या वहीमा मनं नाव शे, सर. मराठीमा." हे सांगताना त्यांची मान दरवेळी थोडी वर व्हायची.

चपला फिरवणं तिथलंच. पाहुणा आत गेला की म्हातारी गुडघ्यांवर बसून त्याच्या चपलांची तोंडं दाराकडे करायची, म्हणजे निघताना त्याला वळायला, वाकायला नको. आबांना ते इतकं भावलं की गोडादऱ्यात आपल्या दारी आलेल्या एकाही माणसाची त्यांनी चप्पल जागच्या जागी राहू दिली नाही. वीजबिलवाला, दूधवाला, वर्गणी मागणारे, सगळ्यांच्या. पोरं तर मुद्दाम चपला लांब भिरकावून आत यायची.

यापायी माझे सासरे दुखावले ते कायमचे. ते पहिल्यांदाच माझी खोली बघायला आले होते. बूट पॉलिश केलेले, टोपी परीटघडीची. खाली आबांकडे टेकले, आणि चहाचा पहिला घोट घेता घेता त्यांना दारातून दिसलं, की घरमालक आपले बूट दोन्ही हातांत धरून त्यांची तोंडं रस्त्याकडे करतो आहे. त्यांनी कप खाली ठेवला. "जावईबापू," ते मला म्हणाले, "आम्हाला रस्ता माहीत आहे. दाखवायची गरज नव्हती." दुपारच्याच गाडीने परत गेले. बायको माझ्याशी फोनवर आठ दिवस फक्त मुलीच्या अभ्यासाबद्दल बोलत होती.

मी आबांना म्हटलं, "आबा, आपल्याकडे पाहुण्याला थांब म्हणतात हो."

"थांब तं म्हनावंच, सर," आबा म्हणाले. "पन जावानं तं शेच ना त्याले."



तर हौद. गच्चीच्या कोपऱ्यात विटांचा, दोन माणसं समोरासमोर बसतील एवढा, आतून उरल्यासुरल्या फरशा लावलेला. तिन्ही बाजूंना खात्यातल्या कोऱ्या कापडाचे पडदे. शेजारी तांब्याचा मोठा बंब. दर रविवारी सकाळी आबा तुटक्या खोक्यांच्या फळ्या घालून बंब पेटवायचे, हौद भरायचे आणि मग गल्लीभर माणूस शोधत फिरायचे. आंघोळीला या म्हणून बोलावणारा माणूस कोणाला परवडतो? त्यातून सुरतेची हवा. चैत्रात गच्चीवर पाय ठेववत नाही आणि हे म्हणणार, या, गरम पाण्यात बसा. लोक सबबी सांगायचे. मीही दीड वर्ष सांगितल्या. वह्या तपासायच्या आहेत, सर्दी आहे, उपास आहे.

"उपासले पानी चालस, सर."

शेवटी एका जानेवारीत, सर्दीच खरी झाली होती म्हणून, मी कबूल झालो. आबांची लगबग लग्नघरातल्यासारखी. आधी बाहेर पाटावर बसून सगळं अंग साबणाने धुवायचं, फेसाचा ठिपका राहता कामा नये. मग पाण्यात पाय. मग थांबायचं. मग गुडघे. "पानी घाईमा लेवानं नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाण्याबाहेर आलं की घालायला त्यांनी एक पायघोळ सुती झगा शिवून घेतला होता, तिकडच्यासारखा. पण गल्लीतल्या टेलरला बटण नसलेला कपडा शिववेना. त्याने सवयीने दोन बटणं आणि मोबाइलचा खिसा लावून दिला होता.

मी पाण्यात बसलो. गळ्यापर्यंत पाणी आलं आणि घर सोडल्यापासून जे काही अंगात आखडून बसलं होतं ते सुटायला लागलं. खरं सांगतो, मला रडू आलं. मुलीची आठवण आली, शाळेतले रिकामे बाक आठवले. पडद्यापलीकडे आबा पालथ्या बादलीवर माझ्याकडे पाठ करून बसले होते. एकदाच त्यांनी वळून, पडदा सारून माझा चेहरा पाहिला आणि पुन्हा पाठ केली.

"आबा, जागा आहे. या की तुम्हीपण."

"मी तठे पोटभर बठी उनू," आबा म्हणाले. "तुम्ही बठा."

मग हा नेमच झाला. रविवारी मी पाण्यात, आबा बादलीवर. ते एकदाही हौदात उतरले नाहीत. पाणी गार झालं की माझ्यामागे बसतील, असं मला आधी वाटायचं. पण मी बाहेर आलो की ते बूच काढायचे, आणि पाणी पन्हाळीतून गल्लीत जाईपर्यंत बघत उभे राहायचे. एवढा खटाटोप करणारा माणूस स्वतः कोरडा कसा राहतो, हे मी दोन-तीनदा विचारलं. उत्तर तेच, पोटभर बसून आलोय.

हौद बांधला होता तो कौतिकबाईंसाठी. त्या तीस वर्षं घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या, मांडी घालून, जमिनीवर. गुडघे गेले. आबा जपानहून आले आणि पाण्याच्या गोष्टी सांगायला लागले, तर त्या म्हणाल्या, असं पाणी मलाही पाहिजे. आबा त्यांना उनाईच्या गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेले, तिथे पायऱ्या उतरवेनात. मग आबांनी सुट्टीच्या दिवसांत स्वतः विटा चढवल्या. अडीच हिवाळे कौतिकबाई त्या हौदात लुगड्यासकट बसल्या. आबा बाहेर बादलीवर बसून तिकडच्या गोष्टी सांगत. त्याही म्हणत, "या ना तुम्ही बी." आणि आबा तेच म्हणत, जे पुढे मला म्हणाले.

आता मी केलेला गाढवपणा सांगतो.

दसऱ्याला खात्यात मशिनांची पूजा असते. आबा निवृत्त झाले होते तरी त्यांना बोलावणं यायचं. त्या वर्षी ते मला सोबत घेऊन गेले. पूजा झाली, कारीगर लोक गोल करून चहा पीत होते. शेठचा तो पुतण्या आता स्वतः शेठ झालेला. मी शिक्षक म्हटल्यावर माझ्याशी बोलायला आला. मी म्हटलं, आबा तुमच्या जपानच्या फार गोष्टी सांगतात, त्या गरम पाण्याच्या. तो हसला.

"कौन, काका? काका तो पानी में गए ही नहीं! हम सब अंदर, और काका पूरा टाइम बाहर बेंच पर. शरमा गए होंगे. वहाँ कपड़ा नहीं पहनते ना."

दहा-बारा माणसं होती. सगळी आबांकडे बघायला लागली. इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण वर्गात पोरं हसायला लागली की मास्तरच्या जिभेला चेव येतो, तसं झालं. मी म्हटलं, "अहो आबा, मग दोन वर्षं आम्हाला कुठल्या पाण्यात बुडवलंत?"

खातं दणाणून हसलं. आबाही हसले. मग त्यांनी कपात पाहिलं आणि चहा संपलेला असूनही कप तोंडाला लावला.

येताना रिक्षात ते बाहेर बघत बसले. मला वाटलं, थकले असतील. रविवारी सकाळी बंबाचा धूर आला नाही. मी दुधाची पिशवी द्यायचं निमित्त काढून खाली गेलो. आबांनी पिशवी घेतली, बसा म्हणाले, पेपर दिला. पंधरा मिनिटांनी बाहेर आलो तर माझ्या चपला मी काढल्या होत्या तशाच पडलेल्या. एक आडवी, एक उभी, तोंडं घराकडे. मला आयुष्यात पुष्कळ लोक रागावले आहेत, वडिलांनी तर काठीने मारलं आहे. पण त्या चपला वळून, वाकून पायात घालताना मला जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती.

सहा रविवार बंब थंड राहिला. सातव्या रविवारी मी खाली जाऊन त्यांच्यासमोर बसलो आणि सरळ म्हटलं, "आबा, माझं चुकलं. तुम्ही पाण्यात बसला होतात की नाही, त्याच्याशी मला काय करायचंय. मी लोकांसमोर तसं बोलायला नको होतं."

आबांनी भिंतीवरच्या कौतिकबाईंच्या फोटोकडे पाहिलं. मग त्यांनी उजवा हात पुढे केला.

"याच्यामुये," ते म्हणाले.

आणि मग सांगितलं. अर्धं अहिराणीत, अर्धं माझ्यासाठी जपून ठेवलेल्या मराठीत.

तिकडे गोंदलेल्या माणसाला त्या पाण्यात उतरू देत नाहीत. गोंदण म्हणजे तिकडे गुंड लोकांची खूण. म्हातारीला कळत होतं, की हा काही गुंड नाही. तिने दहादा वाकून माफी मागितली, आत गेली आणि एक चिकटपट्टी घेऊन आली. हे एवढं झाका आणि खुशाल बसा, असं तिने खुणेने सांगितलं. पट्टी कातडीच्या रंगाची होती, पण त्यांच्या कातडीच्या. आबांच्या काळ्या हातावर तिने ती नुसती धरून दाखवली, तर पांढरीफटक दिसली.

"मी निघालो तव्हय हिले ताप व्हता, सर. डॉक्टर म्हने टायफॉईड. मी जात नव्हतू. हीच म्हने, जा, शेठ दुसऱ्याले पाठवी देई. तीन आठवडामा दोन डाव फोन लागना. तिना आवाज बी कसा तरी येत व्हता. अन् ती म्हातारी मना हातवर पांढरं धरस. कौतिकवर." आबा थांबले. "मानूस गया म्हंजे झाकतस, सर. जित्ता मानूसनं नाव झाकू मी?"

त्यांनी पट्टी परत दिली. बाकी सगळे आत गेले. आबा पडद्याबाहेरच्या बाकावर बसले. म्हातारीला त्यातलं काय कळलं कोण जाणे. तिने चहा आणला, मग एका लाकडी घमेल्यात ते गरम पाणी आणून त्यांच्या पायांशी ठेवलं, आणि आतली माणसं बाहेर येईपर्यंत, तासभर, शेजारी बसून राहिली. आबांनी त्यात पाय बुडवले. जपानचं तेवढंच पाणी त्यांच्या अंगाला लागलं. उठले तेव्हा चपला फिरवून ठेवलेल्या होत्या.

"मग घरी खरं का नाही सांगितलंत?"

"घर उनू तं ताप उतरी गयथा. अन् पहिलं काय इचारं तिनं? म्हने, पानी कसं व्हतं? काय सांगू? तुनामुये राही गयं म्हनू? जलमभर मनले लाई लेती." आबांनी डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "सांगी दिधं, मस्त व्हतं. मंग रोज इचारे. रोज नवं सांगू."

"पण मग हौद बांधल्यावर तरी बसायचं होतं तिच्यासोबत. ती बोलावत होती ना."

आबांनी मान हलवली. "पहिल्यांदा बठस त्या मानूसना तोंडवर दिखस, सर. तुमना तोंडवर बी दिखनं. मी बठतू तं तिले समजी जातं, की हाऊ पहिल्यांदाच बठी ऱ्हायना." थोड्या वेळाने ते म्हणाले, "आते ती नही. आते तिनामांगे एकला बठू तं चोरीच ना ती."

त्या दिवशी मी निघालो तेव्हा माझ्या चपला रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. पुढच्या रविवारी बंब पेटला. पण मला आता त्या पाण्यात पहिल्यासारखं बसवेना. एक माणूस हातभर अंतरावर बादलीवर बसला आहे, त्याला या पाण्यात उतरायचं आहे, अडीच हिवाळे बायकोसमोर बसायचं होतं आणि बसता आलं नाही, हे माहीत असताना कोण सुखाने डुंबेल? मी लवकर बाहेर यायला लागलो. आबांच्या ते लक्षात आलं असणार.

पुढच्या पावसाळ्यात आबांना डेंग्यू झाला. मी त्यांना जवळच्या एका छोट्या दवाखान्यात ठेवलं आणि शाळेतून रजा घेतली. दोन दिवस डाव्या हातातून सलाईन चाललं. तिसऱ्या दिवशी तो हात सुजला.

नर्स गुजराती, पंचविशीची, कामाने वैतागलेली. तिने दंडापासून बोटांपर्यंत डावा हात चाचपला. "आ हाथमां हवे नस नथी मळती. काका, बीजो हाथ आपो."

आबांनी उजवा हात छातीशी धरला. तापाने डोळे लाल झालेले, पण हात सोडेनात. नर्सने बळेच हात ओढून पाहिला. शीर सापडत होती, पण ती नेमकी गोंदणाजवळ. सुई बसवायची म्हणजे वरून रुंद पट्टी मारावी लागणार, आणि पट्टी पांढरी. आबा मला म्हणाले, "सर, तिले सांगा. नको." डॉक्टर दारातून बोलले, की पेशी खूप खाली गेल्या आहेत, सलाईन बंद ठेवता येणार नाही, लवकर करा. नर्स माझ्याकडे बघायला लागली. घरचं माणूस म्हणून बघायला दुसरं कोणी नव्हतंच.

मी आबांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. मीसुद्धा त्यांना सोडून नर्सच्या बाजूला गेलो, असं त्यांना वाटलं. नर्सने सुई घातली आणि वरून पट्टी मारली. कौतिक झाकली गेली. आबांनी भिंतीकडे तोंड केलं.

काय करावं ते मला सुचत नव्हतं. सुचलं ते सवयीने. माझ्या खिशाला वह्या तपासायचा लाल जेल पेन कायम असतो. तो काढला, आबांचा हात गादीवर सरळ ठेवला आणि पट्टीवर, खाली जिथे होतं बरोबर तिथेच, फळ्यावर लिहितो तसं ठळक अक्षरात लिहिलं: कौतिक.

"आबा," मी म्हटलं, "बघा तरी."

त्यांनी मान वळवली. हाताकडे पाहिलं. एवढा वेळ पाहिलं की मला वाटलं, ताप चढला. 

"पेन मना हातमाच व्हता, सर," आबा म्हणाले. "त्या वहीमा नाव लिखं ना मी. म्हातारीनी पेन दिधा व्हता. मना हातमा. तव्हयच पट्टीवर लिखी लेतू तं."

 नुसता त्यांचा हात धरून बसलो. नर्स म्हणाली, "काका, हाथ हलावता नहीं हं." आबांनी हलवला नाही.

पाचव्या दिवशी सुटी मिळाली. नर्सने सुई काढून त्या जागी नवी पट्टी लावली. आबांनी हात माझ्यापुढे धरला आणि मी पुन्हा लिहिलं.

रविवार दोन दिवसांवर होता. त्या रविवारी सकाळी आबा म्हणाले, "सर, आज बंब तुम्ही पेटाडा." मी पेटवला. हौद भरला. पाण्यात हात घालून पाहिला, आणि सदरा काढायला लागलो, तर आबा बंडीची गाठ सोडत होते. मी पडद्याबाहेर गेलो आणि पालथ्या बादलीवर त्यांच्याकडे पाठ करून बसलो.

ते आधी बाहेर पाटावर बसून अंग धूत होते. बराच वेळ. मग पाण्याचा आवाज आला, एकदा, आणि थांबला. पुन्हा एकदा. घाई नव्हती. पहिल्यांदा बसणाऱ्याच्या तोंडावर दिसतं म्हणे. मी वळून पाहिलं नाही.

मग आबांचा आवाज यायला लागला, अगदी हळू. ते अहिराणीत बोलत होते आणि ते माझ्याशी नव्हतं. मी गल्लीतल्या रिक्षा मोजत बसलो. मध्येच ते हसले.  पाण्याची वाफ पडद्यावरून निघून शेजारच्या गच्चीवर जात होती.

"सर, टॉवेल."

आत गेलो. ते हौदाच्या एका कडेला, गुडघे जवळ घेऊन बसले होते. समोरची बाजू रिकामी सोडलेली. लाल शाई पाण्यात उतरून गेली होती. पट्टीही सुटून तरंगत होती. हातावरचं हिरवं नाव होतं तसं होतं, पाण्याने चकचकीत झालेलं.

मी त्यांना हाताला धरून उठवलं. कठड्यावरून पाय बाहेर काढताना ते थांबले. त्यांच्या रबरी चपला हौदाकडे पाठ आणि जिन्याकडे तोंड करून, एकमेकींना लागून ठेवलेल्या होत्या.

"कोनी फिरावल्या या?"

"मी."

आबांनी चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्या म्हातारीनामांगे तुम्हीच, सर," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात टेकून त्यांनी ओले पाय सरळ चपलांत घातले.